पुलावर अडकणारी कॅसेट

मी कॅसेटी भरते. गाण्यांच्या नव्हेत, टीव्ही गेमच्या. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, 'कुंदाताई, तुमच्या त्या उद्योगाबद्दल लिहा, वाचकांना मजा येईल.' मजेचं जेवढं आहे तेवढं आधी उरकून घेते. उरलेलं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते वगळलं तर माझ्या कामाबद्दल मी काहीच सांगितलं नाही असं होईल.

नव्वद सालाच्या आसपास ज्यांच्या घरात मुलं होती त्यांना ती मशीन आठवत असेल. राखाडी प्लास्टिकचा डबा, टीव्हीला जोडायचा. हैदराबादेत त्याला सगळे टीव्ही गेमच म्हणत, आणि वरच्या खाचेत खुपसायच्या ठोकळ्याला कॅसेट. दोन रिमोट मशीनलाच कायमचे जोडलेले असत आणि त्यातल्या दुसऱ्याची वायर इतकी आखूड, की दुसऱ्या नंबरच्या खेळाडूला मशीनला खेटूनच बसावं लागे. कॅसेट चालली नाही की मुलं ती तोंडाशी धरून जोरात फुंकर मारत. त्यानं काही दुरुस्त होत नसे. उलट तोंडातल्या ओलीनं आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडत. अजूनही पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे कॅसेट घेऊन येतात आणि माझ्या डोळ्यांदेखत फुंकर मारतात. मी त्यांच्या हातात खोडरबर देते. पट्ट्यांवर तो नीट घासला की निम्म्या कॅसेटी तिथल्या तिथे चालू लागतात आणि गृहस्थांचं तोंड बघण्यासारखं होतं.

मी हे काम शिकले ते इथल्याच एका सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात. मी चिप भरण्याच्या विभागात होते. आम्हा बायकांना तिथे मुद्दाम घेतलं होतं, कारण साहेब लोकांचं म्हणणं असं, की बायकांचा हात हलका असतो. मशीनला काय सांगायचं ते मशीनच्याच भाषेत लिहायचं आणि चिपमध्ये भरायचं, हे मी तरुणपणी इतकं केलं की झोपेतही आकडे बडबडत असे, असं आमचे हे सांगत. विभाग बंद पडला, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नल्लकुंट्याच्या घरात दोन महिन्यांत भिंतींना कंटाळले. मग कळलं, की त्या जुन्या मशीनवर जीव टाकणारे लोक जगभर आहेत, त्यांना नवे खेळ हवे असतात, आणि त्या मशीनची भाषा मला येते. झालं. मागच्या खोलीत टेबल टाकलं.

काम सांगायला सोपं आहे. खेळ लिहायचा, चिपमध्ये भरायचा, चिप एका छोट्या पट्टीवर सोल्डर करायची, म्हणजे वितळत्या कथलानं डागायची, पट्टी डब्यात बसवायची, वर चित्र चिकटवायचं. करायला घेतलं की नाकी नऊ येतात, कारण त्या मशीनला विसरभोळ्या माणसापेक्षाही कमी आठवण असते. तुमच्या फोनमधल्या एका फोटोत माझे सगळे खेळ बसून जागा उरेल. मी ज्या जुन्या चिपा वापरते त्यांच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. तिच्यावर खास दिव्याचा उजेड धरला की आत भरलेलं सगळं पुसून जातं आणि चिप कोरी होते. म्हणून काम झालं की खिडकीवर कागद चिकटवायचा.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. आयटी कंपनीतल्या एका मुलानं मागणी घालण्यासाठी खेळ करून घेतला. शेवटी नायक गुडघ्यावर बसतो आणि पडद्यावर 'लग्न करशील?' अशी अक्षरं येतात. महिन्याभरानं तो चिप पुसून घ्यायला आला. मी काही विचारलं नाही, दिवा लावला. 'अब क्या बोलूँ आंटी,' म्हणाला, 'ती पहिल्याच खड्ड्यात सारखी पडली आणि चिडून उठून गेली.' नारायणगुड्याचे एक दंतवैद्य माझी प्रत्येक कॅसेट घेतात आणि एकही खेळत नाहीत. कपाटात लावून ठेवतात. मी एकदा रिकामा डबा दिला असता तरी त्यांना कळलं नसतं. दिला नाही, एवढीच माझी सचोटी.

मजेचं संपलं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात सुनील आला. गौलीगुड्यात राहणारा, विमा कंपनीत नोकरी, पन्नाशीकडे झुकलेला मराठी माणूस. त्यानं रुमालातून एक पिवळी कॅसेट काढून टेबलावर ठेवली. फुंकर मारली नाही, त्याचंच मला बरं वाटलं.

"ताई, हे चालते," तो म्हणाला. "पण पुलावर जाऊन अटकते. लहानपणापासून तिथंच अटकते. मला ते पूल पार झालेलं पाहिजे."

"इतक्या वर्षांनी?"

"माझ्या बहिणीसाठी पाहिजे. बेबीसाठी. तिला कॅन्सर हाय, हाडात उतरला. डॉक्टर बोलले, आता दुखणं कमी करायचं, बस. परवा पडल्या पडल्या एकदम बोलली, दादा, पुलाच्या पलीकडं काय होतं रे? आता काय सांगू मी तिला?"

बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, पण घरात नाव बेबीच राहिलं. ती आता नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचकानं उगीच आस लावून बसू नये.

खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. एक लाल माणूस, एक निळा. दोघं जंगलातून, गुहेतून, नदीकाठानं जातात. त्यातली खुबी अशी, की दोघं चालले तरच पडदा पुढे सरकतो. एक थांबला तर दुसऱ्याला थांबावं लागतं. सुनील लाल, बेबी निळी. नदीनंतर दोरांचा पूल येतो. त्याच्या मध्यावर पोचलं की चित्र गोठायचं आणि गाण्यातला एकच सूर ताणल्यासारखा वाजत राहायचा. बटण बंद करेपर्यंत.

मला वाटलं, सोल्डर सुटलं असेल. कॅसेट उघडली आणि पाहतच राहिले. त्या काळात ह्या कॅसेटी चोरूनच बनत. मूळ खेळ मोठा, चिप महाग, म्हणून कुणीतरी अर्ध्या आकाराची चिप घेतली होती आणि तिच्यात मावेल तेवढा खेळ भरून दिला होता. पहिला निम्मा. पुलाच्या मध्यावर मशीन पुढचा भाग मागायची आणि तिथे काहीच नसायचं. मग ती बिचारी थिजायची. जुन्या कॅसेटींमधला माल काढून जपून ठेवणारे हौशी लोक आहेत, त्यांच्या साठ्यात मी शोधलं. हा खेळ सापडला, पण तोही पुलापर्यंतच. बहुधा अख्खा खेळ आपल्या बाजूला कधी आलाच नव्हता.

मी सुनीलला बोलावून घेतलं आणि चिप दाखवली. "ही बिघडलेली नाही," म्हटलं. "हिच्यात पुढचं नाहीच. कुणीही खेळलं असतं तरी इथेच थांबलं असतं."

त्यानं मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. मग मी उठून चहा टाकला.

"ताई, मी त्याचा दोष तिच्यावर घातला होता," तो शेवटी म्हणाला.

पुलापर्यंत पोचायला अख्खी दुपार जायची, म्हणून ते सुट्टीच्या दिवशीच जमायचं. मशीनला धक्का लागला तरी चित्र गोठतं, हे सगळ्या मुलांना माहीत होतं. आणि मशीनला खेटून बसलेली असायची दुसऱ्या नंबरची बेबी. चित्र गोठलं की सुनील ओरडायचा, 'हात लावला! बेबीनं हात लावला!' ती रडून सांगायची, नाही लावला. एकदा वडिलांनी तिला मारलं. मग घरात ते कायमचंच झालं. मिक्सर बंद पडला, बेबीचा हात लागला असेल. स्कूटर चालू होईना, बेबी जवळून गेली काय? फ्रिज दुरुस्त करायला मेकॅनिक आला की तिला आतल्या खोलीत जायला सांगायचे. चेष्टाच, पण रोजची. लग्नात नवऱ्याकडच्या लोकांनाही सांगून झालं, हिला टीव्हीपासून लांब ठेवा. तेही हसले आणि त्यांनीही ते चालू ठेवलं.

"आता रिपोर्ट आला ना, तर ती हसली," सुनील म्हणाला. "बोलली, स्वतःलाच हात लावला वाटतं मी, तर हे शरीर बी बंद पडून ऱ्हायलं."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मला साहेबांचं ते वाक्य आठवलं, बायकांचा हात हलका म्हणणारं. त्या वाक्यावर माझी उभी नोकरी झाली, माझं घर चाललं. आणि इथे एका बाईला तिच्या हातांची भीती घालून ठेवली होती, एका चोराच्या अर्ध्या चिपपायी.

"तिला जाऊन सांग," मी म्हटलं. अहो-जाहो सुटलंच माझं. "आजच सांग."

"तुम्ही पुढचं बनवा ना, ताई. पूल पार होईल, ती बघेल, मग तिला आपोआप समजेल."

"काय समजेल?"

"की तिचा हात नव्हता."

"अरे, ते तू सांगायचंस. कॅसेट कशी सांगेल?"

"माझ्यानं होत नाही," तो म्हणाला. "तोंडच उघडत नाही. परेशान झालो मी. तुम्ही बनवा."

मी बनवायला घेतलं, कारण नाही म्हणायला मला जमेना. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेला स्वेटर विणायला घ्यावा तसं ते काम होतं. त्याचे टाके घट्ट, माझे सैल. चोरानं निम्मा खेळ कापून टाकला होता, पण मूळ लिहिणारा चोख होता. प्रत्येक ठिकाणी त्यानं थोडक्यात काम भागवलं होतं आणि कुठेही आळस केला नव्हता. कोण असेल, कुठे असेल, त्याच्या खेळाचं नल्लकुंट्यात काय झालं ते त्याला कधी कळणार नाही, असं मनात येत राही. मी त्याच्याच वळणानं लिहायचा प्रयत्न केला. पूल उतरल्यावर थोडी चढण, मग एक गाव, एक घर. दोघं ओट्यावर बसतात आणि गाणं संपतं. राक्षस नाही, खजिना नाही. थकलेल्या बाईला आणखी एक राक्षस कशाला?

कोठी भागातल्या बाजारातून आणलेल्या चिपांनी त्यात दगा दिला. वरून नव्या, आतून कुणाच्या तरी वापरलेल्या. नाव खरवडून दुसरं नाव छापलेलं. भरलं की चालायच्या आणि गरम झाल्या की विसरायच्या. चांगली चिप हाती लागेपर्यंत दिवस गेले, आणि ते दिवस माझे नव्हते. सुनीलचा फोन यायचा. बेबी आज उठून बसली. आज बसली नाही. आज दुखण्याचं इंजेक्शन वाढवलं. प्रत्येक वेळी मी विचारायचे, "सांगितलंस?" आणि तो म्हणायचा, "कॅसेट झाली काय, ताई?"

झाली तेव्हा बेबीला दवाखान्यात हलवलं होतं. आमच्या मशीनची वायर खोलीतल्या भिंतीवरच्या टीव्हीत जाईना, म्हणून मी माझा छोटा जुना टीव्ही ऑटोत घालून नेला. नर्सबाई आधी तयार नव्हत्या. मग आवाज बारीक ठेवायच्या बोलीवर त्यांनी स्टूल दिलं.

मला वाटलं होतं, विझत आलेली कुणी दिसेल. बेबी उशांना टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं, मनगटं काडीसारखी, आणि तोंड मात्र सुरू.

"ताई, हे तुम्ही बनवता? स्वतः? सोल्डर बी तुम्हीच?"

"सगळं मीच."

"चटका नाही लागत?"

मी बोटं दाखवली. जुने डाग तिनं एकेक करून पाहिले. त्यांच्यावरून बोट फिरवलं.

सुनीलनं मशीन पलंगावरच बेबीजवळ ठेवून जोडली. खेळाच्या सुरुवातीपासून जायला तिच्यात बळ नव्हतं, म्हणून मी नदीकाठापासून सुरू होण्याची सोय केली होती. लाल आणि निळा पडद्यावर उभे राहिले. सुनीलनं दुसरा रिमोट तिच्या मांडीवर ठेवला.

"मी नक्को," बेबी लगेच म्हणाली. "मी बघते. ताईंनी एवढं बनवलं, माझा हात लागून खराब नक्को व्हायला."

मी सुनीलकडे पाहिलं. वेळ आयती समोर आली होती. त्यानं पडद्याकडेच पाहत म्हटलं, "दोघं लागतात, बेबी. एकट्यानं पुढं जात नाही."

तिनं रिमोट घेतला. पहिली उडी चुकली, दुसरी बसली, आणि मग तिच्या अंगठ्यांना सगळं आठवलं. दगडावरून दगडावर, माशाला चुकवून, ओंडक्यावर क्षणभर थांबून. ती भावापेक्षा चांगली खेळत होती. सुनीलचा लाल माणूस दोनदा पाण्यात पडला तेव्हा ती हसली, हसताना दुखलं, तरी हसली. "हौला रे तू, दादा, एकदम खुळा," म्हणाली. "तेव्हा बी तिथंच पडायचा." नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि गेल्या नाहीत.

मग पूल आला.

दोघं पुलावर चढले. फळ्या मोजल्यासारखं एकेक पाऊल. मध्य जवळ आला आणि बेबीनं रिमोट पलंगावर टाकून दिला. दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर. डाव्या हाताला सलाईनची नळी होती, ती ताणली गेली.

"बघ, दादा," ती म्हणाली. "माझे हात वर हायत. ताई, तुम्ही बी बघा. मी कशालाच लावला नाही."

ती चेष्टा करत नव्हती. तिचा चेहरा घाबरलेला होता.

पडद्यावर निळा माणूस थांबला होता, म्हणून लालही थांबला. चित्र हलेना.

"अटकला!" बेबी म्हणाली. "बघितलं? माझे हात वर होते. बघितलं ना?"

ती हात खाली घेत नव्हती. नर्सबाई पुढे झाल्या, नळी सांभाळायला. सुनील स्टुलावरून उठला. मी त्याच्यासाठी एक शब्दही बोलणार नव्हते.

"अटकला नाही, बेबी," तो म्हणाला. "तू चालत नाहीस, म्हणून थांबला. हात खाली घे. तुझा हात तेव्हा बी नव्हता. ते कॅसेटच अर्धं होतं. पुढचं त्यात भरलेलंच नव्हतं. कोणीच पार करू शकलं नसतं."

"कोण बोललं?"

"ताईंनी उघडून बघितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे," मी म्हटलं. "चिप अर्धीच होती. तुझा काही संबंध नव्हता."

"कधी उघडलं?"

"उन्हाळ्यात," मी म्हणाले, कारण खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. बाहेर तेव्हा गणपतीचे मांडव उभे राहत होते.

बेबीनं हात खाली घेतले. मांडीवर ठेवले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. जणू कुणी तिला ते आत्ता परत आणून दिले होते आणि ती तपासून घेत होती. सुनील तिच्या पायाशी बसून रडायला लागला. तिनं त्याला गप्प केलं नाही. एरवी, तो सांगत असे, ती कुणालाही रडू देत नसे.

"मला पॉलिटेक्निकला जायचं होतं, दादा," ती म्हणाली. "फॉर्म बी आणला होता. तू बाबांना बोलला, हिला नक्को घालू, ही तिथल्या मशिनी बंद पाडेल. सगळे किती हसले. मी बी हसली."

सुनीलनं रिमोट उचलून तिच्यापुढे धरला. "चल, पुढं चल," तो म्हणत राहिला. "बेबी, पुढं चल ना."

तिनं हात पुढे केला नाही. पडद्यावर लाल आणि निळा पुलावर उभेच होते आणि माझं बारीक आवाजातलं गाणं पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाजत होतं. थोड्या वेळानं नर्सबाईंनी मला खूण केली, आणि मी मशीन बंद केली.